छाटणीआधी वाळकी फांदी पाहावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी लागला की मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारात दोन कामे एकाच सुमारास सुरू होतात. झाडांवर पक्षी घरट्यांच्या तयारीला लागतात आणि कार्यालयात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीसाठी ठेकेदारांकडून कोटेशने मागवली जातात. मार्च ते मे या तीन महिन्यांत ही दोन्ही कामे एकाच फांदीवर येऊन भिडतात आणि त्यात कोणाची बाजू लंगडी पडते, हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात झाडे आणि फांद्या कोसळून या शहरात माणसे दगावलेली आहेत, त्यामुळे छाटणी हवीच, याविषयी माझे दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या वाळलेल्या फांद्या आपण सर्वांत आधी आणि सर्वांत निःशंकपणे तोडतो, त्यांचीच याच दिवसांत पक्ष्यांना सर्वाधिक गरज असते आणि त्या तोडायला वर्षातला याहून बरा काळ आपल्या हाताशी असतो.

मुंबईला हिवाळाच नसतो, असे आपण थट्टेने म्हणतो. पक्ष्यांना मात्र तो असतो आणि तो संपत आल्याचे त्यांना आपल्याआधी कळते. डिसेंबरच्या अखेरीस इथला दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तो २० मार्चच्या आसपास बारा तासांवर येतो. उजेडाच्या या वाढीबरोबर पक्ष्यांच्या शरीरातली संप्रेरके बदलू लागतात, नर गाऊ लागतात, हद्दी ठरतात, जोड्या जमतात. आपल्याला ऋतुबदल जाणवतो तो मार्चमध्ये, जेव्हा पूर्वेकडून येणारे कोरडे वारे समुद्रावरच्या वाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरतात आणि पारा एकाएकी अडतीसच्या घरात जातो. तोवर दयाळाचे गाणे सुरू होऊन बरेच दिवस लोटलेले असतात. जानेवारीत हा काळापांढरा पक्षी कुंपणाखालच्या पालापाचोळ्यात किडे टिपत, शेपटी उभारत, फारसा आवाज न करता वावरत असतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात तोच उजाडण्याच्या आधी गच्चीवरच्या अँटेनावर किंवा झाडाच्या शेंड्यावर बसून इतक्या निरनिराळ्या लकेरी घेऊ लागतो, की त्या एकाच पक्ष्याच्या गळ्यातून येत आहेत, यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला आहे. आपल्याकडे मात्र पहाटे गातो तो प्रत्येक पक्षी कोकिळाच, अशी सरसकट समजूत आहे.

तांबटाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण माझा मुद्दा मुख्यतः त्याच्यावर उभा आहे. चिमणीएवढाच, पण अंगाने अधिक भरलेला, हिरव्या रंगाचा, कपाळावर व छातीवर लाल ठिपका आणि डोळ्याभोवती व गळ्यावर पिवळा रंग असलेला हा पक्षी हिवाळ्यात फारसा ओरडत नाही. ऊन तापू लागले, की त्याचे ‘टुक्, टुक्, टुक्’ सुरू होते, तेही तांब्याच्या भांड्यावर कोणी एका लयीत हातोडी मारत बसल्यासारखे, मिनिटाला शंभराच्या पुढे आणि दुपारी इतर पक्षी गप्प झाल्यावरही न थांबता. ओरडताना त्याची चोच मिटलेली असते. प्रत्येक ठोक्याला फक्त गळ्यावरची उघडी कातडी फुगते आणि बसते. शिवाय तो मान इकडून तिकडे वळवत राहतो, त्यामुळे आवाज नेमका कोणत्या फांदीवरून येतो, हे ओळखणे अवघड जाते. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे मुख्य खाणे, आणि या तीन झाडांची मुंबईला अजून तरी वाण नाही. अडचण येते ती घरट्याची. तांबट काड्या गोळा करून घरटे बांधत नाही. तो सुकून मऊ पडलेले लाकूड शोधतो आणि नर व मादी दोघे मिळून चोचीने त्यात बीळ कोरतात. फांदी आडवी असेल तर तिच्या खालच्या अंगाला साधारण दोन इंच व्यासाचे, अगदी गोल तोंड असते. छाटणीसाठी झाडावर चढलेल्या माणसाला ते वरून दिसत नाही आणि खाली उभ्या असलेल्या मुकादमाचे लक्ष, साहजिकच, फांदी गाड्यांवर पडू नये इकडे असते. कोरण्याला बरेच दिवस लागतात, मग तीन-चार अंडी, ती दोघांनी आळीपाळीने उबवायची आणि नंतर पिल्लांना भरवायचे. हा सगळा खटाटोप प्रामुख्याने फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चालतो. आमच्या शेजारच्या एका आवारात मागे असे झाले, की कित्येक दिवस कोरलेली शेवग्याची सुकी फांदी एका सकाळी करवतीखाली गेली आणि ती उचलून ट्रकमध्ये टाकताना त्यातली अंडी रस्त्यावर फुटली. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. फांदी वाळलेली होती, म्हणून ती कोणी नीट पाहिली नव्हती, इतकेच.

वाळक्या लाकडावर अवलंबून असलेला तांबट हा एकटा पक्षी असता, तर मी इतके लांबलचक पत्र लिहिले नसते. लाकूड कोरू शकणारे पक्षी आपल्या बागांमध्ये मोजकेच आहेत. तांबट आहे, सोनपाठी सुतार आहे, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, आरे यांसारख्या दाट झाडीच्या भागांत कुटुरगाही आहे. उलट, तयार ढोलीत अंडी घालणारे पक्षी पुष्कळ आहेत. पोपटांची वीण जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होते आणि सोसायटीच्या आवारात पोपटांची एखादी जोडी रोज सकाळी एकाच बुंध्याशी घुटमळताना दिसली, तर तिथे ढोली असल्याचे खुशाल समजावे. पिंगळा, साळुंकी, दयाळ हेही ढोलीतच अंडी घालतात. मुलुंड, भांडुप, पवई, गोरेगाव या बाजूला दिसणाऱ्या राखी धनेशाची मादी तर ढोलीत स्वतःला कोंडून, आतून तोंड लिंपून, फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि नर आतल्या कुटुंबाला बाहेरून भरवतो; अशा वेळी ते झाड पाडले, तर पिसे गळून उडता न येणाऱ्या मादीसह सगळेच संपते. हे सगळे पक्षी सुतार-तांबटांनी वापरून सोडलेल्या बिळांमध्ये, किंवा पूर्वी मोडलेल्या फांदीचा खुंट कुजून तयार झालेल्या पोकळीत संसार मांडतात. झाड जितके जुने आणि जितके दुखावलेले, तितक्या त्यात जागा अधिक. गुळगुळीत, तासून स्वच्छ केलेले झाड पाहणाऱ्याला बरे दिसते, पण त्यावर पोपटाला राहता येत नाही.

याच आठवड्यांमध्ये बागेत आणखी एक बदल होत असतो, आणि तो पाहण्यासाठी तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज थोडा वेळ झाडांखाली काढावा, असे मी ओळखीच्यांना सांगत असते. थंडीत आलेले पाहुणे अजून गेलेले नसतात आणि इथले पक्षी गायला लागलेले असतात. पूर्व युरोपकडून येणारा इवलासा तांबुला, हिमालयातून उतरलेला राखी कोतवाल आणि कुंपणाच्या झुडपात दिसेनासा होऊन नुसता ‘टक् टक्’ करत राहणारा वटवट्या हे तिघे एकाच आवारात असतात. एप्रिल उजाडेपर्यंत यांतले बहुतेक एकेक करून नाहीसे होतात. ते गेल्याचे कोणाला कळत नाही, कारण आल्याचेही फारसे कोणी नोंदवलेले नसते. भोरड्यांचे मात्र तसे नाही. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून आलेल्या या गुलाबी मैना परतीच्या प्रवासाआधी सावर, पांगारा आणि पळस यांच्या फुलांवर इतक्या संख्येने उतरतात, की त्यांचा कलकलाट रस्त्यावरच्या वाहनांच्या आवाजातूनही ऐकू येतो. पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीजवळ फुलणाऱ्या गुलाबी झाडांचे फोटो दर वर्षी मोबाइलवर फिरतात आणि ते दृश्य सुंदर असतेच. पण ते झाड मूळचे मध्य अमेरिकेकडचे आहे. पक्ष्यांची खरी झुंबड पाहायची असेल, तर त्या दिवसांत पानगळ झालेल्या एखाद्या काटेसावरीखाली अर्धा तास उभे राहावे. पुढच्या पावसात संस्थेच्या आवारात कोणते रोप लावायचे, याचा निर्णयही तिथे आपोआप होतो.

ज्यांच्या आवारात झाडे नाहीत, त्यांनाही खिडकीतून पुष्कळ दिसते. जांभळ्या शिंजिराचा नर हिवाळ्यात मादीसारखाच मळकट पिवळा असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर रेघ असते. फेब्रुवारीच्या आसपास तिच्या दोन्ही बाजूंनी काळी-निळी पिसे उगवू लागतात आणि थोड्याच दिवसांत तो अंगभर चकाकू लागतो. कुंडीतल्या रुंद पानांच्या झाडावर शिंपी पक्षी दोन पाने कडेने टाचून आत कापूस भरतो. त्या कुंडीची जागा दोन महिने बदलू नये, एवढेच त्याचे मागणे असते. बुलबूल स्वतः फळे खात असला तरी पिल्लांना किडे भरवतो, तेव्हा या काळात गच्चीतल्या झाडांवर कीटकनाशक मारण्याआधी दोनदा विचार करावा. दाणे टाकून पक्षी बोलावण्याची मात्र गरज नाही. कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा त्याची पुरेशी चर्चा झाली आहे. गॅलरीत टाकलेल्या दाण्यांवर शिंजीर किंवा तांबट येत नाहीत, पारवेच येतात.

आता छाटणीच्या वेळेविषयी. पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्ये करण्यामागे एक रास्त कारण सांगितले जाते, की हिरवी फांदी आधी कापली तर पावसापर्यंत ती पुन्हा फुटते आणि झाडाचा भार होता तेवढा होतो. हिरव्या फांद्यांच्या बाबतीत हे मान्य करायला हवे. पण वाळलेली फांदी वाढत नाही. जी मे महिन्यात धोकादायक आहे, ती बहुतेक वेळा आदल्या नोव्हेंबरातही धोकादायकच होती. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात झाडांची पाहणी करून रस्त्यावर, पार्किंगवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेवर झुकलेल्या सुक्या फांद्या तेव्हाच उतरवून घेतल्या, तर सुरक्षितता सहा महिने आधी मिळते आणि बहुतेक घरटी वाचतात. तांबट रात्री झोपण्यासाठीही अशी बिळे वापरतो, हे खरे आहे. मात्र दिवसा फांदी कापली जाताना मोठा पक्षी उडून जाऊ शकतो आणि दुसरी जागा शोधू शकतो. डोळे न उघडलेल्या पिल्लाला ती सोय नसते. ज्या सुक्या फांदीखाली कोणाचा वावर नाही, ती मुळापासून न तासता तिचा चार-पाच फुटांचा मजबूत खुंट ठेवला, तर धोका जवळजवळ उरत नाही आणि पुढच्या वसंतात त्या खुंटाला गिऱ्हाईक मिळते. व्यवस्थापक समितीवर मी काही वर्षे काम केले आहे, त्यामुळे यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: दोनदा माणसे बोलावली की खर्च दुप्पट होतो. तसे होऊ द्यायचे नसेल, तर वर्षभराच्या कामाचे एकच कोटेशन मागवून त्यात ‘सुके काम दिवाळीनंतर, ओले काम पावसाआधी’ असे दोन टप्पे लिहून घ्यावेत. सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, हा विषय तिथेच मंजूर करून घेता येतो.

होळीचाही यात संबंध आहे. सुके लाकूड जाळले तर कोणाचे काही गेले नाही, अशा भावनेने फाल्गुनात रात्रीतून फांद्या उतरवल्या जातात आणि महापालिकेला दर वर्षी होळीसाठी झाडे न तोडण्याचे आवाहन करावे लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगीशिवाय झाड तोडणे हा गुन्हा आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. त्यामानाने दुसरी तरतूद कमी माहीत आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे यांचाही समावेश होतो. कायद्याचा बडगा दाखवून पक्षी वाचतात, असे मला वाटत नाही, पण ठेकेदाराशी बोलताना हे वाक्य हाताशी असलेले बरे असते.

मे महिन्यात हिरव्या फांद्या कापतानाही एक गोष्ट पाहायला हवी. कावळ्यांची वीण साधारण एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंत असते, आणि घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर ते झडप घालतात म्हणून घरटे पाडण्याची मागणी समितीकडे हमखास येते. कोकिळ फेब्रुवारी-मार्चपासून कुहूकुहू करत असला, तरी त्याची मादी आपले अंडे घालते ते कावळ्याच्याच घरट्यात. ज्या गाण्याने शहराला वसंत आल्याचे कळते, त्याची पुढची पिढी त्याच काड्या-तारांच्या, कोणाला नको असलेल्या घरट्यात वाढत असते. काही आठवडे त्या झाडाखालून छत्री घेऊन जाणे हा उपाय हास्यास्पद वाटला, तरी परिणामकारक आहे.

पाहणी कशी करावी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, दुर्बीणही लागत नाही. छाटणीची तारीख ठरली, की तिच्या आधीच्या आठवड्यात दोन-तीन सकाळी, सात ते साडेआठच्या दरम्यान, खुणा केलेल्या प्रत्येक झाडाखाली शांतपणे थांबावे. बुंध्याशी किंवा फांदीखाली ताजा, फिकट रंगाचा लाकडाचा भुसा पडलेला असेल, तर वर काम चालू आहे. चोचीत किडा, फळ किंवा गवताची काडी घेऊन एखादा पक्षी पुनःपुन्हा एकाच ठिकाणी जात असेल, तर तिथे घरटे आहे. माणूस झाडाजवळ गेल्यावर एखादी जोडी घाबऱ्या आवाजात ओरडू लागली, तरी तोच अर्थ. अशा फांदीला रंगीत दोरी बांधावी, मोबाइलवर तिचे छायाचित्र घ्यावे आणि ती फांदी जून उजाडण्याच्या आत धोका देण्याजोगी नसेल, तर पिल्ले उडेपर्यंत तिला हात लावू नये, असे ठेकेदाराला लेखी कळवावे. आवारातल्या मुलांना हे काम दिले, तर ती मोठ्यांपेक्षा चांगले करतात, असा माझा अनुभव आहे, कारण त्यांना मान वर करून उभे राहण्याची लाज वाटत नाही.

राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो तो ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून. तो यथोचितच आहे आणि स्थलांतरित पक्षी पाहायला ते दिवस उत्तम असतात. पण इथल्या पक्ष्यांचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि त्याची दखल घेणारे उपक्रम आपल्याकडे कमी आहेत. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या गणनेत भारतातले पक्षीनिरीक्षक २०१३ पासून भाग घेतात. आपल्या अंगणात किंवा बागेत किमान पंधरा मिनिटे थांबून दिसलेल्या पक्ष्यांची यादी ‘ईबर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायची, एवढेच त्यात करायचे असते. पहिल्यांदा यादी करणाऱ्याने राणीची बाग किंवा धारावीलगत, एके काळी कचरा टाकला जाई त्या जागेवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान यांपैकी एकीकडे जावे. जुन्या झाडांमुळे तिथे थोड्या वेळात बरेच काही पदरात पडते. २० मार्चच्या चिमणी दिनाला घरटी वाटण्याचे कार्यक्रम होतात, त्यांनाही माझा विरोध नाही. देशभरातल्या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांविषयीच्या अहवालानुसार चिमणी देशात एकूण टिकून आहे, मात्र मोठ्या शहरांत घटली आहे, त्यामुळे मुंबईकरांनी तिच्यासाठी काही करणे योग्यच आहे. फक्त, एकीकडे खोक्याची घरटी टांगायची आणि दुसरीकडे त्याच आठवड्यात झाडावरच्या तयार ढोल्या कापून टाकायच्या, यातली विसंगती कार्यक्रम ठरवणाऱ्यांच्या ध्यानात यावी.

या संदर्भात दोन सूचना कराव्याशा वाटतात. खासगी आवारातल्या झाडांच्या छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे जो अर्ज करावा लागतो, त्यात ‘झाडावर वापरातले घरटे किंवा ढोली आहे काय, आणि ते कोणत्या तारखेला पाहिले’ असा एक रकाना असावा. तो भरण्यासाठी का होईना, कोणीतरी एकदा झाडाखाली जाऊन वर पाहील. दुसरी सूचना आपल्या दैनिकासाठी आहे. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत आठवड्यातून एकदा, मुंबई-ठाण्यातल्या वाचकांनी कळवलेल्या घरट्यांच्या नोंदींची एक छोटी चौकट आपण छापावी. तिच्यात विभागाचे नाव, झाड, पक्षी आणि तारीख एवढेच असावे, नेमका पत्ता देऊ नये, कारण पोपटांची पिल्ले चोरून विकणारेही वर्तमानपत्र वाचतात. पहिल्या चौकटीसाठी विलेपार्ल्याच्या नोंदी मी पाठवू शकते.

आपली,
एक वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई